तलवारीची राणी आणि मावशींचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी राणी आहे. राज्य मात्र तळहाताएवढेच. भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांत आम्ही सोळा दरबारी असतो: राजे, राण्या, घोडेस्वार आणि शागीर्द. त्यांतली मी तलवारीची राणी. छापखान्यातून निघाले तेव्हा माझा निळा झगा इतका चकचकीत होता, की बोटांचे ठसे उमटत.

शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत पत्ते वाचणाऱ्या मावशींनी मला घरी आणले. दरबारी पत्त्याचा अर्थ लावणे अवघड असते. हा येणारा पाहुणा, शेजारी, की आणखी कोणी? मावशींनी सोपी वाट धरली होती. माझी उजवी कड अंगठ्याखाली दाबून त्या म्हणत, "आली! जपा हो, एक तिखट जिभेची बाई आडवी येणार."

मग लोक घरी जाऊन जावेकडे, नणंदेकडे संशयाने पाहत. एका जावईबापूंनी सासूबाईंना आठवडाभर फोन केला नाही. त्यांना निमित्तच हवे होते!

वीस वर्षे मला पाहून लोकांची तोंडे पडली. शेवटी मावशी वैतागल्या. "आता कोणी घाबरलं, तर हिला टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घालते." माझे तर धाबेच दणाणले.

त्याच दुपारी खालच्या दुकानातली शिवणताई वर आली. गळ्यात मोजपट्टी, डोळ्यांत पाणी. "मावशी, उद्या दादा येतोय. आईचं दुकान बंद करायचं म्हणतो. त्याच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

तिने पत्ता ओढला आणि निघाले मी!

"आली बया!" मावशी पुटपुटल्या. "जपून राहा, एक तिखट..."

"अंगठा काढा ना जरा," ताई म्हणाली. "बाही कशी शिवलीय बघू दे."

मावशींनी अंगठा उचलला. खाली माझा तलवार नसलेला दुसरा हात होता, पुढे केलेला.

"अगंबाई! ही तर 'या, बसा' म्हणतेय," मावशी चष्मा पुसत म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तलवारच बघत बसले."

ताईने मला उचलून हातात घेतले. "मावशी, ही बाहेरची कोणी कशाला? मीच असले तर?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर धडधड पावले वाजली. "सांगितलं, मावशी! म्हटलं, 'दादा, दुकान बंद होणार नाही.' मग खुर्ची पुढे केली. 'बस, चहा घे.'"

"मग?"

"दोन कप प्यायला. जाताना म्हणतो, माझी पँट कमरेत सैल होते, तेवढी आत घे!"

दोघी इतक्या हसल्या की डुगडुगते टेबलही हलले. त्याच्या पायाखाली आता जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा आहे. मावशी मला दोन्ही कडांनी अलगद धरतात आणि आधी विचारतात, "हिच्यात तुम्हाला कोण दिसतं?"

मित्रांनो, उद्या काय होईल ते मला कळत नाही. मी साधा कागद. मात्र एक मागते. माझे कोपरे दुमडू नका, आणि कोणाला तिखट म्हणण्याआधी आपला अंगठा जरा बाजूला घ्या.