अकराच्या आत वाजला पाहिजे

शिंपीणकाकूंची नजर अशी, की रस्त्यापलीकडून धावत जाणाऱ्याच्या कोटाचा टाका उसवलाय म्हणून त्यांनी ओरडावं, आणि त्याने थांबून बघितलं तर खरंच उसवलेला! पण त्या सकाळी ती नजर काही कामाची नव्हती. शिलाई मशीनवर विजेच्या वायरी खोवायचा, वीतभर लांबीचा, भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड पडला होता आणि साडेदहा वाजून गेले होते.

अकराला वन्सं गाडी घेऊन येणार होत्या. गेल्या आठवड्यात काकू दुकानात असताना त्यांचे यजमान, मास्तर, पलंगावरून पडले आणि दोन तास फरशीवर राहिले. वाचा गेलेला माणूस हाक कुणाला मारणार? वन्संनी बजावलं होतं, "दादाच्या हाकेची सोय करा, नाहीतर मी त्याला घेऊन जाते." शेजारीण धावून यायला तयार होती. तिला ऐकू गेलं पाहिजे, एवढंच.

रेडिओ दुरुस्तीवाल्याने सामान देताना समजावलं होतं, "काकू, एका ओळीतली पाच भोकं आतून सख्खी भावंडं. मधली खाच म्हणजे भिंत, पलीकडच्या पाचांचं बिऱ्हाड वेगळं. कडेच्या लाल रेघेला बॅटरीचा प्लस, निळीला मायनस."

काल काकूंनी बटण दाबलं की वाजणाऱ्या बझरचे दोन्ही तारेचे पाय एकाच ओळीत खोवले, गुंडी टाचावी तसे घट्ट. बझर गप्प, बॅटरी मात्र इस्त्रीसारखी तापली. वीज भावंडांमधूनच परस्पर सटकली. आज पाय वेगवेगळ्या ओळींत, बॅटरी नवी आणि शेवटची. तरी बझर मुकाच.

मास्तर उशाशी चिकटवलेलं बटण अंगठ्याने पुन्हापुन्हा दाबत होते.

"थांबा हो जरा," म्हणत काकूंनी बझरचे पाय पुन्हा दाबून पाहिले. मास्तरांच्या कपड्यांची पिशवी दाराशी भरून तयार होती.

खाली भोंगा वाजला. वन्सं जिना चढून आल्या.

"झालं का, वहिनी?"

"होतंय."

"कालही होतच होतं. अहो, ते काय झबलं आहे शिवायला? चल रे दादा."

मास्तरांचा अंगठा बटणावरून घसरला. उसवलेली शिवण चाचपावी तसं काकूंचं बोट आपसूक लाल रेघेवरून फिरलं आणि मध्यावर अडलं. तिथे रेघच नव्हती. निळीही तिथेच तुटलेली.

"उसवलंय!"

"काय उसवलंय?"

"रेघ! बॅटरी या टोकाला, बझर त्या टोकाला, आणि मधे टाकाच नाही!"

दातांनी वायरीचे दोन तुकडे सोलून काकूंनी दोन्ही रेघा सांधल्या.

"दाबा!"

अंगठा हलेना.

"अहो, दाबा ना!"

त्यांनी दाबलं. बझर असा किंचाळला की खुंटीवरच्या कात्र्या नाचल्या, आणि खाली गाडीवाल्याने उभ्या गाडीचा ब्रेक दाबला! शेजारीण साबणाच्या हातांनी धावत आली. "काय झालं मास्तरांना?"

मास्तर अंगठा काढेनात. वन्सं दाराशी खाली बसल्या आणि पिशवीतला एकेक सदरा बाहेर काढू लागल्या.

"पुरे रे दादा," त्या म्हणाल्या. "आलं ऐकू."