चौदा नंबरच्या खाटेजवळचा वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. पाय मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसाला चालताना धरायला जी ॲल्युमिनियमची चौकट देतात ना, तीच मी. मला चांगले चार पाय आहेत, पण स्वतःच्या मर्जीने एक पाऊल टाकायची सोय नाही. कोणी उचलून पुढे ठेवलं तरच मी पुढे जातो. तरीही माझ्या आधाराने आजवर किती माणसं घरी चालत गेली, ते विचारू नका. सांगत बसलो तर तुम्हाला बढाई वाटेल, आणि बढाई मारायची मला सवय आहेच.

माझा जन्म अकोल्याचा. एका लहानशा पत्र्याच्या शेडमध्ये नळ्या कापून, वाकवून मला घडवलं. उंची कमीजास्त करता यावी म्हणून पायांना भोकं पाडली, खाली रबरी बूट चढवले. ज्या कारागिराने मला घडवलं त्याने शेवटी माझ्यावर अंगाचा सगळा भार टाकून पाहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "हत्ती टेकला तरी वाकनार नाही हा." त्या एका वाक्यावर मी पुढची नऊ वर्षं ऐटीत काढली.

तिथून मी अमरावतीला आलो, एका मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या वॉर्डात. सुरुवातीला माझा काय थाट होता! पेशंट माझ्यासाठी नंबर लावत. दसऱ्याला पंचफुलाबाई, म्हणजे वॉर्डातल्या मावशी, चाकाच्या खुर्च्यांबरोबर मलाही हळदकुंकू लावत आणि झेंडूचं फूल खोचत. मग चाकं लावलेले चकचकीत नवे वॉकर आले आणि मी दारामागे गेलो. तिथे माझ्यावर कोणी ॲप्रन अडकवी, कोणी ओला टॉवेल. एकदा तर कोणाची तरी डब्याची पिशवी आठवडाभर माझ्या गळ्यात होती. आतली भाजी तिसऱ्या दिवशी आंबली, पण वास सहन केला तो मी एकट्याने.

हा दवाखाना शिकणाऱ्यांचाही आहे. डॉक्टर होणारी मुलं येतात, नर्सिंगची येतात, व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपीची येतात. प्रत्येकाचं कॉलेज वेगळं, बस वेगळी, परीक्षा वेगळी. एकाच खाटेभोवती दिवसातून दहा वेळा फिरतील, पण एकमेकांचं नाव विचारणार नाहीत. "ओ ब्रदर", "ए फिजिओ" अशा हाका मारून काम भागवतात. मला त्याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा.

हे बदलावं म्हणून चारुशीला मॅडमनी यंदा एक नवी रीत सुरू केली. मॅडम मुलांना शिकवणाऱ्या डॉक्टर. आवाज बारीक, पण त्या वॉर्डात आल्या की मोबाइल आपोआप खिशात जातात. त्यांनी तीन कॉलेजांतली तीन मुलं एकत्र केली. डॉक्टरकीचा अंकुर, नर्सिंगचा शुभंकर आणि फिजिओथेरपीची निधी. "एक आठवडा, तिघांत एकच पेशंट. मिळून शिका," असं सांगून त्यांनी चौदा नंबरची खाट दाखवली.

त्या खाटेवर होते मोर्शीकडचे खुशालराव. संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. वय अडुसष्ट, देह उंचापुरा, बोलणं मोजकं. नवे वॉकर त्यांना बुटके पडत होते, म्हणून निधीने मला दारामागून ओढून काढलं, पुसलं, माझी उंची वाढवली. रबरी बूट झिजले होते, तेही बदलून आणले. त्या दिवशी मला तिचा फार लळा लागला.

खुशालरावांच्या बायकोचं नाव लीलाबाई. त्या इतक्या लहानखुऱ्या की नवऱ्याच्या खांद्यालाही पोचत नव्हत्या. मुलगा नितेश नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात कामाला, गावी ही दोघंच. शनिवारी घरी सोडायचं ठरलं होतं. मोठे डॉक्टर म्हणून गेले, "तोवर पाऊल टाकलं नाही तर पुढे अंथरुणाला खिळतील." ते ऐकून लीलाबाई निधीचा हात धरून म्हणाल्या, "माय, माह्याच्यानं ह्यायले उचलनं होत नाही. नितेशले नोकरी सोडून घरी बसा लागन. तू कायबी कर, पन ह्यायले उभं कर." मित्रांनो, माझ्या नळ्या पोकळ आहेत. तरी ते शब्द मला आतवर लागले.

सोमवारी अकरा वाजता निधी आली. "बाबा, चला, चार पावलं टाकू." खुशालराव छताकडे बघत म्हणाले, "आज राहू दे बाई. उद्या पाहू."

मंगळवारी ते उठले. मला घट्ट धरलं, एक पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसले. "आज नाही जमत." त्यांच्या तळहातांना घाम फुटला होता आणि ते दात आवळून होते. निधीला वाटलं, दुखतंय. तिने दुखण्याची गोळी मिळाली का ते विचारलं. मिळाली होती. बुधवारी तर त्यांनी तिला पाहताच भिंतीकडे तोंड फिरवलं. बिचारी पोर डोळे पुसत व्हरांड्यात गेली.

आता तिघांनी मिळून काय करावं? तर त्यांनी मिळून वह्या लिहिल्या! व्हरांड्यातल्या बाकावर खायला आणलेल्या गिलावड्याचं पुडकं उघडलं आणि अंकुर काय लिहितो ते बाकीच्या दोघांनी उतरवून घेतलं. त्यांच्या लेखी हेच एकत्र शिकणं. चारुशीला मॅडमनी वह्या उघडल्या तर तिन्हींत एकच वाक्य: "रुग्ण हट्टी आहे, सहकार्य करत नाही." अक्षर तीन, वाक्य एक.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असा त्यांचा चेहरा होता.

"शुभंकर, निधी कशी चालवते ते पाहिलंस?"

"नाही मॅडम. तेव्हा मी पलीकडच्या खाटांवर असतो."

"निधी, हा गोळ्या कधी देतो?"

"माहीत नाही मॅडम."

"अंकुर, तू काय पाहिलंस?"

अंकुर म्हणाला, "मॅडम, मी रिपोर्ट पाहिले." आणि स्वतःच खाली मान घातली.

"उद्या दहा ते बारा तिघांनी या खाटेपाशी उभं राहायचं," मॅडम म्हणाल्या. "आपलं काम करा आणि दुसऱ्याचं पाहा. वही आणायची नाही."

दहा ते बारा ही वेळ डॉक्टरांच्या फेरीची. तेव्हा नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढतात, त्यामुळे लीलाबाई रोजच्यासारख्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या. गुरुवारी दहा वाजता शुभंकरने गोळ्या दिल्या. खुशालरावांच्या पायांवर सूज होती. ती उतरवायला एक गोळी होती, लघवी जास्त करवणारी. अंकुरने नाडी पाहिली, कागद पाहिला, बरोबर गोळी म्हणून मान डोलावली. अकरा वाजता निधीने मला खाटेला लावलं.

"बाबा, आज तरी?"

"नको बाई."

आणि त्यांनी माझा दांडा असा दाबला की मला वाटलं, हत्तीची परीक्षा आजच होते की काय. मला सगळं ठाऊक होतं हो. सोमवारपासून ठाऊक होतं. पण मी ओरडणार कुठून? तिघं आपले त्यांच्याकडे बघत उभे. उत्तर समोर खाटेवर पडलेलं आणि ह्यांनी तीन दिवस ते रिपोर्टात आणि वह्यांत शोधलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

तेवढ्यात पंचफुलाबाई बादली घेऊन आल्या. त्यांनी एक नजर खुशालरावांच्या तोंडाकडे टाकली, बादली खाली ठेवली आणि खाटेभोवतीचा पडदा सर्रकन ओढला.

"हटा पोरं हो, बाहेर व्हा आंदी!"

"मावशी, आम्हाला मॅडमनी इथे..."

"मॅडमले मी सांगतो. हटा!"

तिघं पडद्याबाहेर गेले. पंचफुलाबाईंनी खाटेखालचं भांडं दिलं आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की खुशालरावांनी सोडलेला सुस्कारा साऱ्या वॉर्डाने ऐकला.

बाहेर येऊन पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तोवर मॅडमही पोचल्या होत्या.

"दहा वाजता लघवीची गोळी देता, अन् अकरा वाजता उठवाले येता. तो मानूस उठन कसा? उभं राह्यलं का सुटन, हेच भेव त्याले. समोर नातीच्या वयाची पोरगी उभी. तिले कसं सांगन तो?"

"पण मावशी, मला सांगायचं ना त्यांनी," शुभंकर कळवळून म्हणाला.

"तुले कवा सांगन? तू गोळ्या देऊन फुर्रर्र."

"आणि तुम्ही काहून नाही सांगितलं आम्हाला?" घाईत निधीच्या तोंडून घरची बोली निघाली.

पंचफुलाबाईंचा आवाज एकदम उतरला. "मले कोन इचारते बाई? तुमी शिकले-सवरले. म्या रोज भांडं देतो अन् जातो."

चारुशीला मॅडमनी खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "बसा पंचफुलाबाई. हे तिघं आहेत, चौथ्या तुम्ही." पंचफुलाबाई काही बसल्या नाहीत. पण तिथून गेल्याही नाहीत.

मग ती मुलं पहिल्यांदा खरोखर एकमेकांशी बोलली. गोळीचा जोर तासाभरात सुरू होतो आणि दोन-तीन तास जास्त असतो, हे अंकुरने सांगितलं. सकाळी सहाला आमची रात्रपाळी चहाच्या वेळी फिरते, तेव्हा गोळी देता येईल, असं शुभंकर म्हणाला. गोळीची वेळ बदलणं मुलांच्या हातात नव्हतं. अंकुर आपल्या वरच्या डॉक्टरांकडे गेला, मॅडमनी दुजोरा दिला आणि कागदावर नवी वेळ चढली. निधी म्हणाली, "म्हणजे अकरापर्यंत बाबा मोकळे. मग मी चालवीन."

"कुठं चालवशीन?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"खिडकीपर्यंत."

"खिडकीत काय हाय? संडासपर्यंत ने ना. त्या मानसाले भांड्याचीच तर लाज वाटते. तिथं जाचं म्हनशीन तर धावत येईन तो."

निधी त्यांच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं पुस्तकं वाचली, पण माणसाला कुठे जायचं आहे हे तिने विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "चालेल. पण खाली बसायचं नाही हं, उंच कमोड लागेल." तो शुभंकरने पलीकडच्या वॉर्डातून मागून आणला. दारापर्यंत निधी, दाराच्या आत शुभंकर, असं ठरलं. आणि अंकुर? त्याने जाऊन खुशालरावांची माफी मागितली. "बाबा, मी तुम्हाला हट्टी लिहिलं होतं."

खुशालरावांनी त्याच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "हट्टी तं मी हावोच. पन ते घरी."

शुक्रवारी अकरा वाजता त्यांनी मला धरलं. तळहात कोरडे होते. मी पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. निधी बाजूला, अंकुर मागे, शुभंकर दाराशी. पंचफुलाबाई पुढे जाऊन ओली फरशी पुसत होत्या, एकेक फरशी कोरडी करत. संडासाचं दार बावीस पावलांवर होतं. मी आयुष्यात पुष्कळ चाललो, पण ती बावीस पावलं मला कोणी पुन्हा दिली तर मी दुसरं काही मागणार नाही. बाहेर आले तेव्हा खुशालरावांचे डोळे भरले होते. आठ दिवसांनी ते स्वतःच्या पायांनी गेले होते, दार लावून.

शनिवारी निधी सकाळीच आली. वॉर्ड माणसांनी भरलेला, लीलाबाई पिशव्या भरत होत्या. खुशालरावांनी तिला जवळ बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाले, "पोरी, मले लघवी लागली. वॉकर दे इकडे." निधी हसली नाही, लाजली नाही. तिने मला पुढे केलं. लीलाबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि हसता हसता रडत होत्या.

ते घरी गेले, नितेशने आणलेल्या नव्या वॉकरला धरून. मी इथेच आहे. पंचफुलाबाई आता रोज अकरा वाजता मुलांच्या घोळक्यात दोन मिनिटं उभ्या राहतात आणि मॅडम आधी त्यांनाच विचारतात.

पण मित्रांनो, सोमवार, मंगळवार आणि बुधवार, ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. पोरं वाईट नव्हती. जो तो आपलं काम चोख करत होता, आणि तरी एक भला माणूस कायमचा आडवा झाला असता. तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी नर्स, कोणी आणखी काही. घरातलं म्हातारं माणूस नाही म्हणालं, तर त्याला लगेच हट्टी ठरवू नका. शेजारी काम करणाऱ्याला विचारा, भांडं उचलणाऱ्याला विचारा, आणि सगळ्यांच्या आधी त्या माणसाच्या उशाशी बसा. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.