सोबतीला एवेर्त्तीकाका

"उपास करणाऱ्याला भूक लागते रे बाबा," आमच्या घरमालकीण रौतिओबाई म्हणाल्या. "हा तर ताटाकडे बघतसुद्धा नाही."

"देवासाठी धरलाय त्यानं, बाई," माझा जोडीदार स्टॉडर्ड म्हणाला. भुकेनं त्याचाच चेहरा एवढासा झाला होता.

बाईंनी सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला. "अगं बाई! हे अंग आहे की निखारा? आणि तू रे लंबूटांग्या, तू कशाला उपाशी?"

"त्याला सोबत म्हणून."

आता काय सांगावं! ताप उतरावा म्हणून मी उपास धरला होता. आम्हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या पोरांना लहानपणापासून तेच ठाऊक: अडचण आली की जेवण सोडायचं आणि प्रार्थना करायची. खरं तर भूक तापानंच मारली होती आणि मी तिचं पुण्य आपल्या नावावर मांडत होतो. असे आम्ही दोन शहाणे अमेरिकेतल्या आयडाहोहून फिनलंडातल्या कोक्कोला गावी दारोदार धर्म सांगायला आलो होतो. मिसरूड नीट फुटलं नव्हतं, पण लोक आम्हाला 'एल्डर', म्हणजे वडीलधारे, म्हणत.

फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं. इस्पितळातून सुटलो, तरी बर्फ वितळेपर्यंत अंथरूण सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग हेलसिंकीहून आमच्या मिशनचे अध्यक्ष आले.

"टोलमन, तू घरी जा," ते हळूच म्हणाले. "मिशनरीनं एकटं राहायचं नाही, आणि स्टॉडर्डला मी इथं अडकवून ठेवू शकत नाही."

दोन वर्षांची सेवा अर्धवट टाकून आलेल्या पोराला आमच्या खोऱ्यात कुणी वाईट बोलत नाही. उलट फार गोड बोलतात. ते गोड बोलणं माझ्या आईला ऐकावं लागणार होतं. मी भिंतीकडे तोंड फिरवून रडलो.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. एवेर्त्तीकाका होते. लाकडाच्या गिरणीत बॉयलरपाशी जन्म गेलेला, बायको वारलेला, नुकताच निवृत्त झालेला माणूस. आमच्या मूठभर मंडळीत ते मागच्या बाकावर बसायचे आणि मोठ्यानं प्रार्थना सांगा म्हटलं की बुटांकडे बघायचे.

"मी बसतो याच्यापाशी," ते म्हणाले.

"सोबतीला मिशनरीच लागतो, काका."

"मग करा की मला. काय लागतं त्याला?"

"तोंड उघडावं लागतं," रौतिओबाई म्हणाल्या. अध्यक्षांनाही हसू आवरेना. पण त्यांनी तिथल्या तिथं काकांच्या टकलावर हात ठेवून प्रार्थना केली आणि काका एल्डर झाले.

मिशनरीला एकटं न सोडण्याचा नियम त्यांनी असा काही पाळला, की विचारू नका. माझ्या उशाशी बसून मासेमारीचं जाळं दुरुस्त करायचे. मला पुसून काढायचे, माझं भांडं रिकामं करायचे आणि वर "एल्डर, जरा कूस बदलता का?" असं अदबीनं विचारायचे. परसाकडे जायचं तरी आधी बाईंना बोलावून माझ्यापाशी बसवायचे.

"लग्नाची बायकोसुद्धा एवढी चिकटत नाही," बाई म्हणायच्या, आणि येऊन बसायच्या. चर्चला नावं ठेवणारी ती बाई मला चमच्यानं माशाचं सूप भरवायची. या दोघांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार होतो?

बर्फ वितळल्यावर काका आणि मी दारोदार निघालो. पहिल्याच घराचा जिना चढलो आणि माझा दम संपला. दार उघडलं, समोर एक बाई उभी राहिली, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकांचे कान लाल झाले. त्यांनी टोपी काढली.

"हा पोरगा बोलणार होता," ते म्हणाले. "आजारातून उठलाय. त्याला दम येईस्तोवर आम्हाला बसू द्याल का?"

तिनं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. धर्माचं तिनं काही ऐकून घेतलं नाही. पण काका खाली येताना जिन्यावर शीळ घालत होते.

सेवा मी पुरी केली. बोटीवर चढायच्या दिवशी काका हेलसिंकीच्या धक्क्यापर्यंत आले.

"आता पुढं तुमच्याबरोबर कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका. आता मी मोकळा झालो. घरीच तर चाललोय."

त्यांना ते काही पटलं नाही. त्यांनी रांगेतल्या एका अनोळखी आजीबाईंना गाठलं आणि सांगितलं, "याच्याकडे जरा लक्ष ठेवा. याची छाती नाजूक आहे." मग माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

बोट सुटली. मी कठड्याशी उभा होतो. घरी आई ताठ मानेनं दारात उभी राहणार होती, ती या माणसामुळे. काका वळून स्टेशनाच्या रस्त्याला लागले होते. फुटपाथ सगळा मोकळा होता, तरी ते अगदी कडेनं चालले होते, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.