गेणबाचं पाचट

"दत्तोबाकाका, रंगात पाणी वाढवलं का?" उत्कर्षानं भर दुपारी विचारलं, आन माझं टाळकंच फिरलं. तीस वर्सं लोकांच्या पत्र्यावर चढतोय, रंगात लबाडी कधी केली न्हाय.

पोरगी बारामतीला कालेजात संशोधन करती. तिचा पांढरा रंग असा, की भर उन्हातबी पत्रा आपली धग वर आभाळाला देऊन टाकतो. जगात ठिकठिकाणी लोक ह्याच्या मागं लागल्यात म्हनं. आमच्या कऱ्हाटी गावात तिनं गेणबाची खोली निवडली, रंग मी दिला. गेणबाला हिवाळ्यात लकवा मारलेला, खाटेवरच असतो. धग सोसायची न्हाय, असं डाक्टरनं बजावलेलं.

आठ दिवस खोली गार. मग थर्मामीटर चढाय लागलं, म्हणून तिचा माझ्या रंगावर संशय.

शिडी लावून वर गेलो, तर पत्राभर उसाचं पाचट, वर दगड. खाली गेणबाची बायकू शकुबाई पदराला हात पुसत हुभी. म्हातारीनं एकटीनं भारे वर नेलेले.

"वैनी, ह्ये काय?"

गेणबाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आमाला गोठ्यामागं नेलं. दर पाडव्याला गेणबा उन्हाळ्याच्या गारव्यासाठी सोता पत्र्यावर पाचट टाकायचा. आता पडल्या पडल्या रोज इचारतो, पाचट टाकलं का.

"आता लागत न्हाय, आसं कुठल्या तोंडानं सांगू? हात गेला, पाय गेला. येवढं एक त्येंचं ऱ्हायलंय."

 उत्कर्षा हळूच म्हणाली, "पण आजी, वर मोकळं आभाळ नसलं तर धग जाणार कुठं? आबांनाच त्रास."

शकुबाईनं पत्र्याकडं बघितलं. मग व्हय म्हणून मान हलवली.

मी आन पोरीनं पाचट उतरवलं. वर सळसळ झाली की शकुबाई आत सांगायची, दत्तोबा पाचट सारखं करतोय.

दोन दिसांनी दुपारी आमी दोघं गेलो. खोली गार. गेणबा उशीला टेकून बसलेला. जड जिभेनं म्हणाला, "पाचट?"

"टाकलंय की," शकुबाई म्हणाली. "तुमी टाकायचा तसंच."

त्येचं अर्धं तोंड हसलं. उत्कर्षाकडं बघून सावकाश म्हणाला, "पोरी, पाचटावानी गारवा कशाचाच न्हाय. लिव्हून घे."

पोरीनं वही उघडली आन खरंच लिहून घेतलं.

उंबऱ्यापाशी पाचटाची एक काडी पडलेली. शकुबाईनं ती गेणबाच्या नजरेआड उचलली, आन कमरेला खोचली.