उजव्या टाकीतली डावी

मी एक गोगलगाय बोलतेय. जात तळ्यातली, पण तळं कधी पाहिलं नाही. सगळा जन्म काचेच्या टाकीत. आणि आधीच सांगून ठेवते, माझं म्हणणं कोणीही खरं मानलं नाही. म्हणणं तरी केवढं? मी इथलीच आहे, याच टाकीत जन्मले, बाहेरून घुसले नाही. पण गोगलगायीचं ऐकतं कोण! तोंडात दात हजारोंनी आहेत, आवाज मात्र नावालाही नाही.

आमची खोली लांबट. एका भिंतीला उजव्यांच्या टाक्या, समोरच्या भिंतीला डाव्यांच्या. कवचाचं टोक वर धरून बघा. दार उजवीकडे उघडलं तर ती उजवी, डावीकडे उघडलं तर डावी. एवढ्याशा फरकाने सगळं बिनसतं. उजवीचे अवयव ज्या अंगाला, त्याच्या उलट अंगाला डावीचे. त्यामुळे दोघींची जोडी धड जमत नाही. आमच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येकीत दोन्ही असतं. तरीही अडतं ते अडतंच. शेजारी राहून सोयरीक तुटते. आणि सोयरीक तुटली की पिढ्यान्‌पिढ्या जनुकं वेगळ्या वाटेने जातात, शेवटी एका जातीच्या दोन होतात. हे कसं घडतं, तेच या खोलीतली माणसं शोधत असतात.

माणसं तिघं. सर, म्हणजे खोलीचे धनी. उजव्यांचा वाण त्यांनी स्वतः वाढवलेला. आल्यागेल्याला सांगायचे, "शुद्ध म्हणजे शुद्ध. या भिंतीवर डावं पिल्लू निघायचं नाही." दुसरी त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. कानामागे सदा चिमटा खोचलेला, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणतात. तिसरे पाणी बदलणारे मामा.

मी जन्मले ती काचेला चिकटलेल्या, अंड्यांच्या लिबलिबीत पट्टीतून, भावंडांच्या गर्दीत. भोवती सगळ्या मोठ्या उजव्या. त्यांतली माझी आई कोणती, हे मला ठाऊक नव्हतं आणि पर्वाही नव्हती. कोबीचं पान खायचं, काच चाटायची, झोपायचं. आमचा संसार एवढाच.

एके दिवशी चिमटीने मला उचलून भिंगाखाली धरलं. मग माझं एक भावंड. मग आणखी एक. तिचा चेहरा उतरला.

"मामा, या पट्टीतली सगळी डावी आहेत."

"असू देत की. माझी धाकटी डावखुरी आहे, तिला काय घराबाहेर काढू?"

"चेष्टा नका करू हो. माझं सगळं काम या टाकीवर आहे."

सर आले, बघितलं आणि एका दमात निकाल देऊन मोकळे झाले. "समोरच्या भिंतीवरून आलीत ही. त्या टाकीतली जाळी या टाकीत घातलीस तू. अंडी चिकटून आली."

"नाही सर. जाळ्या वेगळ्या आहेत. माझ्याकडून असं झालेलं नाही."

"मग काय आकाशातून पडली?"

"वाणातच असेल. आत लपलेलं."

सर हसले. ते हसू मला काचेतूनही आवडलं नाही. "माझ्या वाणात? अगं, तू शाळेत होतीस तेव्हापासून जपतोय मी हा. हलगर्जीपणा झाला तर झाला म्हणावं, वाणाला नावं ठेवू नयेत. दोन महिन्यांनी परिषद आटोपून परत आलो की ही अख्खी भिंत उकळत्या पाण्यात. तू नव्याने सुरू कर."

नव्याने म्हणजे तिची वर्षं पाण्यात. आणि आम्ही तर उकळत्या पाण्यात. त्या दिवसापासून त्या पोरीचा आणि माझा जीव एकाच दोरीला टांगलेला. ती खरं सांगत होती, मीही खरं सांगत होते, आणि दोघींची किंमत सारखीच.

ती मात्र रडत बसली नाही. आमच्यातली पिल्लं कुठल्या अंगाला वळणार, ते पिल्लाच्या नव्हे, आईच्या जनुकांवर ठरतं. आईचं स्वतःचं कवच कसंही असो. ते वळण तिच्या आईने ठरवलेलं असतं. म्हणजे उजव्या कवचाखाली डावं बी असलं, तर वरून कोणालाच कळायचं नाही. कळेल ते पिल्लं झाल्यावर.

मग चिमटीने टाकीतली एकेक मोठी गोगलगाय उचलून वेगळ्या बरणीत ठेवली. आम्हाला जोडीदार नसला तरी अडत नाही, एकटीही अंडी घालते. मामांनी बरण्या धुऊन दिल्या, कुरकुरत. "एवढ्या तर माझ्या बायकोच्या लोणच्याला लागत नाहीत."

बरणीबरणीत पट्ट्या दिसल्या. पिल्लं फुटली. चिमटी भिंगातून पाहत गेली: उजवी, उजवी, उजवी. खिडकीजवळच्या बरणीपाशी थांबली. आतल्या गोगलगायीच्या कवचावर काळा डाग होता, तिला ती ठिपकी म्हणायची. ठिपकी स्वतः उजवी. पिल्लं झाडून सारी डावी.

"हीच ती," चिमटी म्हणाली. "मामा, हीच आई."

अशी मला आई सापडली. भेट दोन काचांमधून, तिच्या बरणीच्या आणि माझ्या टाकीच्या. तिने शिंगं हलवली, मीही हलवली. आमच्यात याहून जास्त लाड होत नाहीत.

पण सरांना नुसत्या पिल्लांनी पटलं नसतं, जनुक दाखवणं भाग होतं. त्यासाठी अंगाचा तुकडा लागतो. ठिपकीला गुंगीच्या पाण्यात सोडलं, पायाचा तुकडा कापून नळीत घातला आणि उरलेली ती तशीच स्पिरिटच्या बाटलीत गेली. चिमटी हलक्या हाताने करत होती, हे खरं. आई गेली, हेही खरं.

सर परतले. तपासणीचा निकाल त्यांनी उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढली. ठिपकीत दोन्हीकडून आलेलं डावं बी होतं. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मध्ये वाण अशक्त झाला होता. पिल्लं जगेनात. तेव्हा तळ्यातली एक आणून सोडली होती मी. पण उजवी होती ती. नीट बघून आणली होती."

"कवच बघून आणली होतीत, सर."

मामांनी उगाच नळ सोडला आणि बंद केला.

भिंत वाचली. चिमटीचं काम वाचलं, उलट वाढलं: एका भिंतीवर, एकाच वाणात, डाव्यांची शाखा फुटताना तिने पकडली. आता मला आणि भावंडांना वेगळी टाकी आहे. आम्ही डाव्या डाव्यांतच जोड्या लावतो. उजव्या शेजारी दिसतात, पण जाणं-येणं नाही. कधीकाळी आम्हाला वेगळं नावही मिळेल म्हणतात. ते बघायला मी नसेन, आणि माझं त्यावाचून काही अडत नाही.

एकच सांगणं आहे. पोर वेगळं निघालं की माणसं आधी बाईकडे बोट दाखवतात. ही खोड शिकलेल्यांतही आहे. निदान बोट दाखवण्याआधी ते बी तळ्यातून आणलं कोणी, एवढं तरी विचारत जा.

परवा बाहेरगावचे पाहुणे आले होते. सर त्यांना भिंत दाखवत होते. एक जण म्हणाला, "तुमचा वाण शुद्ध होता ना? मग हा घोळ घातला कोणी?"

मामांनी सरांकडे पाहिलं. चिमटीनेही पाहिलं. तिच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. ती मान खाली घालून कानामागचा चिमटा चाचपत राहिली.

सरांनी फळीवरची स्पिरिटची बाटली उचलली, उजेडात धरली आणि काचेवर नखाने टकटक केलं.

"हिने," ते म्हणाले. "ठिपकीने."