गुलाबांची बावीस मिनिटे

मित्रांनो, असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. वास्तविक माणसांशी मैत्री करावी असा माझा अनुभव नाही. मी एका वार्ताहराच्या खणात पडलेली जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात दोन चाके आहेत, त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत आहे आणि पाठीच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले दात आहेत. प्रत्येक बाजूचा एक. हे दात नीट लक्षात ठेवा, कारण माझे सारे भांडण त्यांच्यावरून आहे. दात शाबूत असला तर यंत्र जुन्या आवाजावर खुशाल नवा आवाज भरते. दात तोडला, की त्या बाजूवरचा आवाज तसाच राहतो. तोडायला पेनाचे टोक पुरते.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही सगळ्या सारख्याच कोऱ्या होतो. पुढे कोणाच्या नशिबी गाणी आली, कोणाच्या नशिबी परभाषेचे धडे. मला वार्ताहर मिळाला.

माणूस कामसू होता, हे कबूल करते. वैऱ्याचेही गुण सांगावेत. त्याची ख्याती होती ती स्वच्छ टेबलाची. बातमी छापून आली, की टिपणवहीची पाने टराटरा फाटून टोपलीत जात आणि मी पुन्हा आरंभापर्यंत गुंडाळली जाई. संपादक नव्या मंडळींना ते टेबल मुद्दाम दाखवीत. एकट्या कात्रणबाईंना ते पाहवत नसे. जुन्या अंकांची कात्रणे त्या तीस वर्षे सांभाळत होत्या.

"छापलंस ते तुझं रे," त्या म्हणत, "पण बोलला तो माणूस. त्याचं बोलणं टोपलीत टाकणारा तू कोण?"

"बाई, मागे एकाच्या बोलण्याची वही जपली होती. झडती झाली, वहीत नाव सापडलं आणि बिचारा नोकरीतून गेला. तेव्हापासून मी काही ठेवत नाही."

"त्यानं नाव लपवा म्हणून सांगितलं होतं. त्याची वही जाळायलाच हवी होती. म्हणून सगळ्यांच्याच जाळायच्या? घरात एकाला साखर चालत नाही म्हणून सगळ्यांनी कडूच खायचं होय?"

"तुमच्या कपाटात झुरळं किती झालीत, ती आधी मोजा."

"मोजलीत. तारीखवार लावून ठेवलीत."

झडतीचा मुद्दा खोटा नव्हता. खोटा होता तो मांडणारा. भीती एका वहीपुरती खरी होती. एरवी तिच्या आडून त्याची टापटिपीची हौस बोलत असे.

मग एका रुग्णालयाची लिफ्ट दोन मजले कोसळली आणि आतल्या परिचारिकेचे दोन्ही पाय मोडले. दुसऱ्या दिवशी माझा मालक गच्चीवरच्या यंत्रखोलीत लिफ्टच्या मिस्त्रीला भेटला. मला हत्यारपेटीच्या झाकणावर ठेवले होते. मिस्त्री पंचवीस मिनिटे बोलला. बोलताना हातातला स्वच्छ पान्हा तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

"दोर झिजलाय हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "इथल्या साहेबांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, वर्षअखेरपर्यंत चालव, जमत नसेल तर दुसरा मिस्त्री बघतो. मग मी लिफ्ट चालू ठेवली." तिन्ही वेळचे वार त्याने सांगितले आणि साहेब तेव्हा कुठे उभे होते तेही सांगितले.

साहेबांची बाजू वेळेत मिळाली नाही. म्हणून त्यांच्यावरचा आरोप गाळला गेला. हा धंद्याचा नियमच आहे म्हणतात. पण नियमाने आरोप गाळणाऱ्याने कबुली तेवढी राखली. सकाळी ठळक अक्षरांत छापून आले: 'दोर झिजल्याचे ठाऊक होते, तरी लिफ्ट चालू ठेवली.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बातमी मात्र खोटी होती. साहेबांची बाजू उद्या घेऊ, असे मालक म्हणाला. तो उद्या उजाडला तेव्हा त्याला पुष्पप्रदर्शनाला धाडले होते. मला आरंभापर्यंत गुंडाळून त्याने माझ्यावर प्रदर्शनाच्या अध्यक्षांचे भाषण भरले. गुलाबाला खत कधी घालावे, यावर बावीस मिनिटे.

मिस्त्रीचा आवाज माझ्या अंगावरून तसूतसूने खरवडला जात होता आणि मला ओरडताही येत नव्हते.

तीन आठवड्यांनी मिस्त्रीची बायको कार्यालयात आली. तिच्या हातात चौकशीची नोटीस होती.

"चौकशीवाले म्हणतात, साहेबांना सांगितल्याची गोष्ट तुम्ही आता रचलीत. आधी सांगितली असती तर पेपरात आली नसती का? तुमच्यापाशी ती टेप आहे ना, भाऊ?"

"मी टेपा ठेवत नाही, वहिनी. तत्त्व आहे माझं. बोलणाऱ्याच्याच सुरक्षिततेसाठी."

"आम्ही कधी म्हटलं पुसा म्हणून?"

कात्रणबाई उठल्या, यंत्र पुढे ओढले आणि त्यांनी मला वाजवले. सगळ्यांनी खतावरचे भाषण ऐकले. मध्ये हात घालायचे धाडस मालकाला झाले नाही. बावीस मिनिटे सरली, खट् झाले आणि यंत्रखोलीची घरघर ऐकू आली. नवे भाषण तीन मिनिटांनी तोकडे पडले होते. मिस्त्रीच्या मुलाखतीचे शेपूट उरले होते.

"भाऊ, हे सगळं राहील ना तुमच्यापाशी?" मिस्त्री विचारत होता. "उद्या कोणी उलटलं तर?"

"शब्द न् शब्द राहील," माझ्या मालकाचा आवाज म्हणाला. "निश्चिंत राहा."

पुढे पेटीत हत्यारे ठेवल्याचा खडखडाट होता. बाकी काही नाही.

"तुमचा आवाज मात्र स्वच्छ आलाय," ती म्हणाली. मग पदर सावरून तिने विचारले, "तुम्ही स्वतः येऊन सांगाल?"

"माझ्या नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवील?"

"आम्ही ठेवला होता."

तो गेला खरा. चौकशी अधिकाऱ्याने एवढेच विचारले, "हे तेव्हाच का छापलं नाहीत? आणि टिपण कुठं आहे?" खाली मान घालून तो परतला. मिस्त्रीची नोकरी गेली. साहेब आहेत तिथेच आहेत. त्या दिवशी टेबलाशी बसून मालकाने पेनाच्या टोकाने माझा त्या बाजूचा दात तोडला. बैल गेला आणि झोपा केला.

तेव्हा मित्रांनो, सगळेच जपा, असे मी म्हणत नाही. कोणाची वही जपणे हाच त्याचा घात असतो. पण जपायचे की जाळायचे, हे तुमच्या टेबलाच्या टापटिपीवर ठरवू नका. ज्याने तोंड उघडले त्याला विचारा. त्याने 'ठेवा' म्हटले, तर तिथल्या तिथे, त्याच्यासमोर दात तोडा.

माझ्याबद्दल कळवळा नको. दात तुटल्यापासून मला कोणी पुसू शकत नाही. गुलाबांचे खत आणि एका माणसाचा शब्द, एवढे मी आता अखेरपर्यंत नीट सांभाळणार आहे.