सोंड आणि घळ

त्या महिन्यात पद्मजाचा पाय एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत टेकली की उठायची, खिडकीशी जायची, युट्रेख्टची ती पाटासारखी सपाट जमीन बघायची आणि काहीतरी पुटपुटत परत फिरायची. चहा करायची आणि प्यायची विसरायची. नवऱ्याने, गंधारने, काही विचारलं की 'काही नाही' म्हणायची, आणि ते असं म्हणायची की पुढे कोणी विचारू नये.

काही नाही कसं? बरंच काही होतं. तीन वर्षं ही बाई एका बेटाचा नकाशा करत होती. साबा त्याचं नाव. कॅरिबियन समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा सुळका, आणि राज्य डचांचं. हॉलंडात डोंगर औषधालाही नाही आणि यांच्या राज्यातला सगळ्यांत उंच डोंगर सात समुद्रांपलीकडे, उन्हाच्या देशात. हे सांगताना डच लोकांनाही हसू येतं. पद्मजाला त्या डोंगराचा कण न् कण पाठ होता. समुद्रातून सरळ उभे राहिलेले कडे, वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच. शेंड्यावर सदा ढग बसलेला, त्या ढगात शेवाळाने लगडलेली झाडं आणि माणसाहून उंच नेचे. आणि अंगभर घळी. एरवी कोरड्या ठणठणीत, पण वर पाऊस झाला की चिखल आणि धोंडे घेऊन धावत सुटणाऱ्या. कुठली घळ कधी धावेल, घर कुठे बांधावं आणि कुठे बांधू नये, हे सांगणारा तो नकाशा.

आणि एवढं करून तिने ते बेट पाहिलं नव्हतं. सगळं काम विमानातून काढलेल्या फोटोंवरून. ऑक्टोबरात प्रत्यक्ष जायचं ठरलं, तिकिटाचं बोलणंही झालं, आणि नेमकं निवासपरवान्याचं नूतनीकरण अडलं. पासपोर्ट सरकारी टेबलावर अडकला. मग संस्थेने गुंजनला पाठवलं, सोबत दोन विद्यार्थी देऊन. गुंजन म्हणजे पुण्याहून वर्षापूर्वी आलेली, पद्मजाच्या हाताखाली शिकणारी मुलगी. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण दुरूनच बघून बघून पद्मजाला आता डोंगराचा राग येत होता आणि गुंजनचा त्याहून जास्त. त्या पोरीचा काय दोष, हे तिला कळत होतं. कळून राग गेला असता तर जग केव्हाच सुधारलं असतं.

त्या शनिवारी दुपारी आठवड्याचा बाजार करून घरी जाताना ती संस्थेत डोकावली. नकाशा सोमवारी छपाईला जायचा होता, टेबल आवरायचं राहिलं होतं. गंधार आल्बर्ट हाइन दुकानाच्या पिशव्या घेऊन दारात उभा राहिला.

"पाचच मिनिटं," ती म्हणाली.

दोन भिंगांच्या उपकरणाखाली फोटोंची शेवटची जोडी अजून तशीच होती. ही जोडी म्हणजे एकाच जागेचे, जरा वेगवेगळ्या ठिकाणांवरून घेतलेले दोन फोटो. डावा डाव्या डोळ्यासमोर, उजवा उजव्या डोळ्यासमोर ठेवून भिंगांतून पाहिलं की सपाट कागदावरचा डोंगर उभा राहतो. पण दोन्हींची अदलाबदल झाली की सगळं उलटं दिसतं. डोंगराची सोंड, म्हणजे पुढे आलेला कणा, खाली जाते, घळ वर येते. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच दिवशी हे बजावतात, आणि गेली दोन वर्षं ते बजावण्याचं काम पद्मजाच करत होती.

उजवा फोटो डावीकडे होता.

तिने परत पाहिलं. कागदावरचे क्रमांक पाहिले. नेमका ढगाखालचा भाग, नुसतं जंगल. समुद्र किंवा घरं दिसत असती तर चूक तेव्हाच लक्षात आली असती. पासपोर्टचं पत्र आलं त्या दिवशी दात-ओठ खात तिने हा तुकडा संपवला होता. तिथे तिने एक रुंद, सपाट माथ्याची सोंड काढली होती आणि शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, तंबूला योग्य जागा.

ती घळ होती. आणि गुंजन तिथे तंबू लावणार होती, आजच.

पद्मजाने गुंजनचा मोबाइल लावला, लागेना. मग ती उतरली होती त्या लॉजवर लावला. तिकडे अजून सकाळच होती. मालकीण म्हणाली, "ती पोरं नाश्ता करून गेली की. आज वरच मुक्काम आहे. दुपारी मोठा पाऊस सांगितलाय, मी म्हटलं त्यांना."

"बरोबर वाटाड्या आहे ना?"

"पायवाट संपेपर्यंत. पुढे त्यांच्याकडे नकाशा आहे."

तिने फोन ठेवला आणि गंधारला सगळं सांगितलं. मग यानचा नंबर शोधायला लागली. यान म्हणजे तिचा प्रोफेसर. तिचा करार वाढवायचा की नाही, हे याच नकाशावर तो ठरवणार होता. करार नाही तर परवाना नाही.

"थांब जरा," गंधार म्हणाला. "तिला डोळे आहेत ना? तिथे गेल्यावर दिसेलच, घळ आहे की सोंड."

"ढगात दहा पावलांवरचं दिसत नाही रे. आणि घळीचा तळ सपाट असतो, छान वाटतो."

"तरी पण. सोमवारी गुपचूप दुरुस्त कर. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? परवान्याचं काय होईल, विचार केलास?"

तिने विचार केला, नाही असं नाही. टेबलाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. परत जावं लागलं तर सामान किती, इथपर्यंत तिचं मन जाऊन आलं आणि त्याची तिला शरम वाटली. मग तिने यानला फोन लावला.

तो मुलीच्या हॉकीच्या मैदानावर होता. तिने सांगितलं, तसा मागचा गलका लांब गेला. तो बाजूला झाला असावा.

"तुझी चूक?"

"माझी."

"मी तिथल्या लोकांना वर पाठवतो. बाकीचं नंतर बोलू."

नंतर म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. खिडकी, टेबल, फोन, परत खिडकी. गंधारने एकदा घरी जाऊ म्हणून पाहिलं आणि तिच्याकडे बघून पिशव्या खाली ठेवल्या. बाहेर दिवे लागले. फोन वाजला तेव्हा तिने तो जवळजवळ हिसकावून घेतला.

"पद्मजाताई, गुंजन बोलतेय. खालून एक माणूस धापा टाकत आलाय, म्हणतो तंबू हलवा. त्याच्याच फोनवरून बोलतेय. काय झालं?"

"तू कुठे आहेस?"

"सोंडेवर. म्हणजे, खऱ्या सोंडेवर. ती घळ खाली पलीकडे राहिली."

पद्मजा खुर्ची ओढून बसली. "तुला कसं कळलं?"

गुंजनने आवाज खाली घेतला.

"निघायच्या आधीच. मी फोटो नीट लावून पाहिले आणि माझ्या प्रतीवर बदल करून घेतला. मग परत होते तसेच ठेवले, तुम्हाला कळू नये म्हणून. छपाईच्या आधी तुम्ही परत तपासालच, असं वाटलं."

"मला सांगायचं नाही का?"

"दोनदा आले होते, ताई. तुम्ही मान वर करून बघितलंच नाही. मला भीती वाटली. वाटलं, तुम्ही म्हणाल, तिकीट घेतलंस, आता नकाशाही घे."

मी असं म्हटलं नसतं, असं म्हणायला पद्मजाने तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं असतं. याच शब्दांत म्हटलं असतं.

"सरांना नका सांगू हं," गुंजन घाईने म्हणाली. "कोणाला कळणार नाही."

"सांगून झालंय. पाऊस आहे का तिकडे?"

"लागलाय मघापासून. घळीला पाणी आलंय. थांबा, ऐकवते."

आधी नुसती खरखर. मग खालून कुठूनतरी दगडावर दगड आपटल्याचे आवाज आणि त्यावर पाण्याची घरघर. तीन वर्षांत त्या बेटाचा पद्मजाने ऐकलेला हा पहिला आवाज. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

गुंजनने फोन ठेवला आणि लगेच यानचा आला. पोरं सुखरूप असल्याचं त्याला तिकडून कळलं होतं. गंधार समोरून हाताने खुणावत होता, पुरे, आता काही बोलू नकोस. गुंजनचं नाव निघालं की करार कोणाच्या झोळीत पडेल, हे त्याला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

"यान, आणखी एक राहिलं," ती म्हणाली. "ती चूक गुंजनने जायच्या आधीच पकडली होती. मला सांगायला ती घाबरली."

"घाबरली? तुला?" डच माणूस, आडपडदा नाही. "का?"

पद्मजा पहिल्यांदाच त्या दिवशी एका जागी स्वस्थ बसली होती.

"कारण ते बेट मला एकटीला हवं होतं," ती म्हणाली.